फोंड्याच्या पडवीत 7एम: जुन्या टर्बो सुप्राच्या कामाच्या नोंदी

गाडी टोयोटा सुप्रा, 1988चं मॉडेल, ए70 पिढीतली. इंजिन 7एम-जीटीई: एका ओळीत सहा सिलिंडर, 2954 सीसी, सीटी26 टर्बो. हाताचे पाच गिअर, स्टिअरिंग डावीकडे. मामा मस्कतला नोकरीला होते. 1992 साली कायमचे परतताना त्यांनी ती घरसामानाबरोबर आणली. बरीच वर्षं चालवली, मग ती गोव्यात डिचोलीच्या घरी फणसाखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. नोंदणीची मुदत 2022 मध्ये संपली.

या इंजिनाबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेलं. चार महिन्यांचा पाऊस, खारा वारा आणि विहिरीचं पाणी यांचा हिशेब त्यात नसतो, म्हणून या नोंदी. कामाचा क्रम आधीच सांगून ठेवतो: पाणी, तेल, पत्रा, पेट्रोल आणि सगळ्यांत शेवटी बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब. गाडी हातात आली की आधी टर्बोकडेच लक्ष जातं. तिथून सुरुवात करू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

15 ऑक्टोबर 2023

पाऊस ओसरला. गाडी फ्लॅटबेडवर घालून फोंड्याला आणली, भाडं 4,500. मागच्या ब्रेकचे दोन्ही कॅलिपर जाम होते, चाकं फिरेनात. ओढत नेली असती तर डिस्क आणि टायर दोन्ही गेले असते, म्हणून कॅलिपर तिथेच खोलून बाजूला बांधले.

डिपस्टिकवर तेल दुधाळ. म्हणजे पाणी तेलात उतरलंय. मामांना विचारलं तर म्हणाले, "शेवटी शेवटी तापायची रे. मग मी पाणी घालत राहिलो, कधी विहिरीचं, कधी नळाचं."

सेल्फ मारायची घाई केली नाही. प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्रँकच्या पुलीला गोटी पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. अडखळलं नाही. मग बॅटरी लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं. पहिल्या चारांत 140 पीएसआयच्या आसपास, पाचव्या-सहाव्यात 90च्याही खाली. त्या दोघांत आणखी तेल घातलं तरी काटा वर येईना. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तेलाने तात्पुरता फरक पडला असता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले, तर संशय हेड गॅस्केटवरच, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ थरावरच, घ्यायचा.

29 ऑक्टोबर

हेड उतरवलं. 7एमचा जुना रोग हाच. कारखान्याने हेड बोल्टचा टॉर्क 58 फूट-पाउंड, म्हणजे साधारण 78 न्यूटन-मीटर, सांगितला आहे. या इंजिनाला तो कमी पडतो, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. आमच्या गाडीचे मागच्या बाजूचे बोल्ट तर तेवढ्यालाही धरलेले नव्हते, लांब दांडा न लावताच सुटले.

हेड उलटं करून टेबलावर ठेवलं, सरळ पट्टी तिरपी धरून खालून फीलर गेजचं पान सरकवलं. मध्यभागी 0.15 मिमीचं पान अडथळ्याशिवाय आत गेलं. मर्यादा 0.10ची. हेड वाकलंय.

खरं नुकसान मात्र पाण्याच्या वाटांपाशी होतं. मागच्या दोन सिलिंडरांभोवतीच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. बोटाने चाचपलं की अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी हाताला लागायची. एका भोकाची कड झिजत गॅस्केटच्या फायर रिंगपर्यंत (सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्यापर्यंत) पोचली होती, तिथे गॅस्केटला टेकायला धातूच उरला नव्हता. आपल्याकडे जांभ्या दगडातून झिरपणारं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. प्यायला गोड, पण कूलंटशिवाय नुसतं ते पाणी वर्षानुवर्षं फिरलं की अॅल्युमिनियमच्या हेडचं असं होतं. कमी टॉर्कने गॅस्केट सैल पडलं हे खरं, पण पाण्याने त्याच्याखालची जमीनच खाल्ली होती. ज्यांच्याकडे अशी गाडी चालू स्थितीत आहे त्यांनी आजच रेडिएटरचं झाकण उघडून आतला रंग बघावा. तांबूस पाणी दिसलं तर सगळं काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरावं. हजार-दीड हजाराचं काम आहे.

19 नोव्हेंबर

दिवाळी झाली. निर्णय घ्यायचा होता: कारखान्याच्या पद्धतीचं कॉम्पोझिट गॅस्केट घालून टॉर्क वाढवायचा, की धातूचं गॅस्केट घालायचं.

मूळ बूस्टवर चालवायची असेल तर पहिला मार्ग पुरेसा आहे. ब्लॉक गाडीतच राहतो, खर्च निम्म्याहून कमी. धातूचं गॅस्केट जास्त दाब सोसतं, पण त्याला दोन्ही पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागतात, हेडचाही आणि ब्लॉकचाही. ब्लॉकला फेसिंग करायचं, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करायचा, तर क्रँक, पिस्टन, सगळं बाहेर काढावं लागतं. गाडीत बसलेल्या ब्लॉकवर सँडपेपर घासून धातूचं गॅस्केट चढवणारे पाहिलेत. ते काही महिन्यांत पुन्हा हेड उतरवतात.

आमच्या बाबतीत कौल पत्र्याने दिला. इंजिनखान्याच्या दोन्ही बाजूंना सस्पेन्शनच्या बुरुजांखाली गंज दिसतोय आणि इंजिन असताना तिथे वेल्डिंग होणार नाही. इंजिन बाहेर येणारच आहे, तर धातूचं गॅस्केट.

10 डिसेंबर

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर. पडवीच्या वाशांना चेन पुली टांगण्याचा विचारही करू नका. लोखंडी ब्लॉकचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला गिअरबॉक्स जोडलेला. ते वजन कौलारू छपरासाठी नाही. मडगावहून चाकांचा हॉइस्ट भाड्याने आणला.

वेळ गेला तो वायरिंगमध्ये. इंजेक्टरचे कनेक्टर उष्णतेने इतके ठिसूळ झाले होते की क्लिप दाबली की तुकडे हातात यायचे. सहाच्या सहा गेले. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून आकडा लिहिला आणि फोटो काढून ठेवले. नवे कनेक्टर बाहेरून मागवले. डॅशबोर्डमागे उंदरांनी दोन वायरींचं इन्सुलेशन सोलून ठेवलं होतं, ते आताच दिसलं हे बरं झालं.

21 जानेवारी 2024

महिना फुकट गेला. हेड आणि ब्लॉक जवळच्या एका वर्कशॉपमध्ये फेसिंगला दिले होते. परत आले तेव्हा लांबून आरशासारखे दिसत होते. उजेडात तिरपे धरून नख आडवं फिरवलं तर दगडाच्या चक्राच्या गोल रेषा नखाला अडकत होत्या, टक टक टक. ट्रॅक्टरच्या जाड गॅस्केटला हे चालतं, कारण ते मऊ असतं, रेषा भरून काढतं. धातूचं गॅस्केट तसं दबत नाही. प्रत्येक रेष म्हणजे पाण्याला आणि वायूला एकेक पन्हळ.

कारागिराचा दोष मानत नाही, त्याच्याकडे येणारं काम तसंच असतं. पण तुम्ही देताना "फेसिंग करा" एवढंच सांगू नका. गॅस्केट सोबत न्या, दाखवा, आणि परत घेताना नखाने तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पिकअपमध्ये घालून दोन्ही बेळगावला, उद्यमबागेत नेले. तिथे मिलिंगच्या यंत्रावर बारीक कट घेणारा माणूस मिळाला. कुरतडलेल्या कडा त्याने आधी टिग वेल्डिंगने भरल्या, मग पृष्ठभाग घेतला. हेड पुन्हा कापलं गेल्यामुळे उंची कमी झाली, त्या मानाने गॅस्केट किंचित जाड निवडलं, नाहीतर कॉम्प्रेशन वाढून नॉकिंगला (पेट्रोल अवेळी पेटण्याला) आमंत्रण. दोन्ही ठिकाणचे मिळून 19,000.

18 फेब्रुवारी

पत्रा. रंग पांढराशुभ्र दिसत होता, पण चुंबक फिरवला तर मागच्या चाकांवरच्या कमानींना चिकटेना. ग्राइंडरवर वायर ब्रश लावून घासल्यावर कळलं, आधी कुणीतरी गंजावरच फायबरचं कापड चिकटवून वरून पुट्टी भरली होती. आतून पत्रा पापडासारखा झाला होता, स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आरपार. स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, ड्रायव्हरच्या पायाखालचा कोपरा आणि बॅटरीखालची जागा यांचीही तीच गत.

वेल्डिंगला आलेल्या मेस्तांचं म्हणणं होतं, "वरून नवीन पत्रा बसवून टाकूया, दिसणार नाही." दिसणार नाही हे खरं, पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी राहतं आणि आपल्या हवेत ते वाळतच नाही. त्यांना म्हटलं, मेस्त, वेळ लागू दे, चांगला पत्रा लागेपर्यंत कापूया. कापलं. गंज दिसला त्याच्याही दोन बोटं पुढे.

0.9 मिमीचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा, मिग वेल्डिंग, सलग न ओढता एकेक ठिपका. एक इथे, दुसरा वीतभर लांब. सलग ओढलं की पत्रा तापून वाकतो, मग तो सरळ करायला पुट्टीचे थर. वेल्डिंग घासल्यावर त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर. "उद्या मारू" म्हटलं तर सकाळी उघड्या लोखंडावर तांबूस झाक आलेली असते, फेब्रुवारीतसुद्धा.

एक सावधगिरी: कापाकापीच्या आधी चॅसी नंबर कुठे कोरलाय ते शोधून त्यावर टेप लावा. नोंदणीच्या तपासणीत त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. ग्राइंडर एकदा त्यावरून फिरला तर पुढचं सगळं काम व्यर्थ.

14 एप्रिल

रंग झाला. मूळचा पांढराच, कारण आरसीवर पांढरा लिहिलाय. मनात गडद निळा होता, पण रंग बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि एवढ्या जुन्या आयात गाडीच्या कागदांत एकही जादा गुंतागुंत नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल आहे: नोंदणीतला तपशील बनवणाऱ्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा बेत आम्ही धरलाच नाही.

पोकळ भागांत, म्हणजे दारांखालच्या पेट्या आणि कमानींच्या आत, लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारलं. त्याआधी पाणी निघून जाण्याची सगळी भोकं तारेने मोकळी केली. निम्मी मातीने बुजली होती. पत्रा आणि रंग मिळून 1,35,000. सगळ्यांत मोठा खर्च हाच, आणि गाडी गोव्यात राहणार असेल तर यातलं काही टाळण्यासारखं नाही.

12 मे

बाहेरून मागवलेलं सामान सुटलं: गॅस्केट संच, रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, हेडचे नवे बोल्ट. कस्टम ड्युटी धरून 1,10,000च्या थोडं वर. सुटं सुटं मागवू नका, प्रत्येक पार्सलला कुरिअरचं हाताळणी शुल्क वेगळं लागतं.

टर्बो साखळीला एका कारागिराकडे दिला. खाणी जोरात होत्या तेव्हा त्या पट्ट्यातल्या टिपरांचे टर्बो तो दुरुस्त करायचा. आता काम कमी, पण हात तोच. सीटी26 त्याने आधी पाहिला नव्हता, तरी खोलून म्हणाला, "रचना तीच, फक्त पाण्याची वाट जास्तीची." तेलाचा कोळसा होऊन शाफ्टच्या बुशिंगपाशी साचला होता. नवीन बुशिंग, थ्रस्ट बेअरिंग, सील आणि फिरत्या भागांचं बॅलन्सिंग. बॅलन्सिंग वाचवू नका. 24,000.

26 मे

इंजिन जोडलं. क्रँकचे जर्नल मापात निघाले, नुसतं पॉलिश केलं. तेलाच्या वाटा डिझेल आणि लांब ब्रशने धुतल्या, मग हवेने फुंकल्या. ब्लॉक बाहेरून चकचकीत करण्यात दिवस घालवण्यापेक्षा या वाटांवर वेळ द्या. दुधाळ तेलाचा गाळ कोपऱ्यांत बसून राहतो आणि नवीन बेअरिंगचा घात करतो.

हेड बोल्टच्या भोकांत तेलाचा थेंबही नको. बोल्ट आवळताना ते दबून टॉर्क पान्याला खोटं वाचायला लावतं, कधी ब्लॉकला तडाही देतं. सगळी हवेने फुंकली, आटे साफ केले. चौदा बोल्ट, मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्पे: 30, 50 आणि शेवटी 72 फूट-पाउंड. पाना आधी दुसऱ्या पान्याशी ताडून घेतला होता. हे काम एकट्याने शांतपणे करावं. फोन आत ठेवला होता आणि प्रत्येक बोल्टवर मार्करने खूण करत गेलो.

23 जून

पाऊस सुरू झालाय. रंग, पुट्टी, वेल्डिंग बंद. या दिवसांत मारलेल्या रंगाखाली ओल अडकते आणि दिवाळीपर्यंत फोड येतात. इंजिन पावसाच्या आधी गाडीत बसवलं, आता पडवीत बसून करायची कामं.

पेट्रोलची टाकी उतरवली. आत गंजाचा चिखल आणि जुन्या पेट्रोलचा व्हार्निशसारखा थर. फॉस्फोरिक आम्लाने धुतली, पाण्याने खळखळली, ब्लोअरने सुकवली. सगळे रबरी पाइप बदलले. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, 1988च्या रबराला ते सोसत नाही. बाहेरून धड दिसणारा पाइप आतून मऊ होऊन सुटतो. गरम टर्बोच्या शेजारून पेट्रोलचा पाइप जातो, तेव्हा इथे काटकसर म्हणजे आगीशी खेळ. इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला चालणारेच पाइप घ्या, किंमत तिप्पट असली तरी. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये, भरलेली ठेवावी.

ब्रेक: कॅलिपरचे सगळे सील, मागच्या लोखंडी नळ्या, नवीन फ्लुइड. विशेष काही नाही, झालं.

18 ऑगस्ट

थंडाव्याचं काम. रेडिएटरची जाळी नवीन आणि जाड बसवून घेतली, 16,000. पुढचा पंखा व्हिस्कस क्लचचा आहे, त्यातलं सिलिकॉन तेल उडून गेलं होतं. गार इंजिनावर पंखा हाताने फिरवला की नुसता भिरभिरत राहायचा. तेल पुन्हा भरलं, आता हाताला योग्य तो अडथळा लागतो.

इंजिन ऑइलचा कूलर मोठा केला, थर्मोस्टॅटसह. पुढे टर्बोची गरम हवा थंड करणारा मोठा इंटरकूलरही बसवला. तो रेडिएटरच्या समोर येतो, तेव्हा कडेच्या फटी अॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद केल्या. नाहीतर हवा सोपी वाट धरून बाजूने निघून जाते आणि रेडिएटर उपाशी राहतो. जुना सायलेन्सर कुजून गळून पडला होता. त्याच्या जागी टर्बोपासून मागेपर्यंत तीन इंची स्टेनलेस नळी करून घेतली, आवाज मूळच्या आसपास राहील असा डबा लावून.

पुढचे काही आठवडे नोंद नसेल. चवथ जवळ आलीय, पडवी गणपतीच्या पाहुण्यांना लागते. गाडी ढकलून मागच्या शेडमध्ये.

29 सप्टेंबर

इंजिन सुरू झालं.

आधी ईएफआयचा (पेट्रोल इंजेक्शनचा) फ्यूज काढून नुसता सेल्फ मारला, थोडं थांबत, तेलाचा काटा वर येईपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवू नका, टर्बोवर तर नाहीच. फ्यूज परत लावला आणि चावी फिरवली. पेटलं, दोन-तीन सेकंद गुरगुरलं आणि बंद. पुन्हा तेच. अॅक्सिलरेटर दाबला की हमखास मरायचं.

पेट्रोलचा दाब बरोबर, ठिणगी बरोबर. शंका हवेवर. या इंजिनात हवा मोजणारा मीटर टर्बोच्या बराच आधी बसवलेला आहे. मीटरनंतर कुठूनही चोरून हवा आत आली तर कॉम्प्युटरला तिचा पत्ताच लागत नाही, आणि तो पेट्रोल कमी सोडतो. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीची टोपी आणली, तिला भोक पाडून टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व बसवला. मीटर काढून त्या जागी टोपी, क्लॅम्प घट्ट, आणि पंपाने चार-पाच पीएसआय हवा. साबणाचं पाणी सांध्यांवर फिरवलं. इंटरकूलरचे सगळे सांधे कोरडे. मीटरनंतरच्या घड्यांच्या रबरी पाइपाला हात लावला तर खालच्या बाजूने फुसफुस. पाइप काढून दोन्ही हातांनी ताणला तेव्हा घडीच्या तळाशी चिरा उघडल्या. सैल सोडला की पुन्हा मिटायच्या, एक रेषही दिसत नसे. बसवताना मी तो पाहिलाच होता आणि धड वाटला होता. सगळ्या 7एमवाल्यांना सांगतो, हा पाइप गाडीत बघू नका, काढून ताणून बघा.

नवीन येईपर्यंत सिलिकॉनचे कोपरे आणि अॅल्युमिनियमची नळी जोडून वाट केली. आता आयडल स्थिर. डायग्नोसिसच्या डबीत टीई1 आणि ई1 वायरीने जोडून ठिणगीचं टायमिंग 10 अंशांवर लावलं.

20 ऑक्टोबर

आरटीओ. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, म्हणून पुन्हा फ्लॅटबेड. एप्रिल 2022 पासून लागू झालेलं आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क तेव्हा, 2024 मध्ये, 40,000 होतं, शिवाय उशिराचा दंड महिन्याला 500. गाडी अडगळीत असली तरी मुदतीत नूतनीकरण करून ठेवावं.

डाव्या स्टिअरिंगबद्दल खूप जण विचारतात. कलम 120 प्रमाणे अशा गाडीला चालू स्थितीतली सिग्नल यंत्रणा लागते. सगळे इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हॉर्न आदल्या दिवशी तपासून गेलो. चॅसी आणि इंजिन नंबरचे ठसे स्वच्छ आले. विमा आणि पीयूसीही झाले.

17 नोव्हेंबर

इंजिनाचं रनिंग-इन झालं, तेल आणि फिल्टर बदलले. आज पहाटे साखळी, केरी करत चोर्ल्याच्या घाटात. भाच्याला उजवीकडे बसवलं. डावीकडे बसून पुढच्या ट्रकच्या पलीकडचं दिसत नाही, त्यामुळे तो "ये" म्हणाल्याशिवाय ओव्हरटेक नाही, असा करार होता.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये बूस्टचा काटा 7 पीएसआयवर थांबायला हवा होता. तो 9, 10 करत चढतच राहिला. 12च्या जवळ गेला आणि गाडीला कुणी मागून दोरीने खेचावं तसा हिसका बसला. पेट्रोल कट. बाजूला घेतली, डायग्नोसिसच्या डबीत वायर घातली, इशाऱ्याचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं: कोड 34, टर्बोचा दाब जास्त.

इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटरने केलेली ती योग्य कृती होती. कारण तीन इंची नळी. मागचा अडथळा गेल्यामुळे टर्बाइन जास्त जोराने फिरते, आणि सीटी26चं वेस्टगेटचं (टर्बाइनला वगळून जादा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचं) भोक इतकं लहान आहे की ते पूर्ण उघडलं तरी जादा वायू त्यातून निघत नाही. बूस्ट कंट्रोलर लावून हे सुटत नाही, कंट्रोलर बूस्ट वाढवू शकतो, वेस्टगेटने ठरवलेल्या दाबाच्या खाली आणू शकत नाही. फ्यूएल कटला फसवणारी उपकरणं मिळतात. ती बसवली तर नवीन गॅस्केटवर पहिला घाव आपणच घातला असं होईल.

कणकुंबीपर्यंत पाय हलका ठेवून गेलो आणि तसेच परतलो.

1 डिसेंबर

टर्बो उतरवून साखळीला. वेस्टगेटचं भोक डाय ग्राइंडरने रुंद केलं, कड आतल्या बाजूला उतरती ठेवली. मर्यादा झडपेच्या तबकडीची आहे: ती बंद झाल्यावर भोकाच्या चारही बाजूंना धातूवर टेकली पाहिजे. आधी तबकडीला शाई लावून तिचा ठसा घेतला, त्याच्या आतल्या बाजूला रेघ मारली, त्या रेघेपलीकडे चक्र जाऊ दिलं नाही. भोकाच्या कडेपासून एक बारीक तडाही निघालेला दिसला, तो वाढू नये म्हणून टोकाला ड्रिल केलं. मजुरी 3,000.

8 डिसेंबर

त्याच चढावर काटा 8वर गेला आणि तिथेच राहिला. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांपलीकडे गेलं तरी हलला नाही. 95 ऑक्टेनचं पेट्रोल, नॉकिंगचा आवाज नाही. पाण्याचा काटा मध्याच्या खाली. खाली उतरून फोंडा बाजाराच्या गर्दीत मुद्दाम थांबत थांबत नेली, तेव्हाही काटा तिथेच. यापुढे बूस्ट वाढवणार नाही.

मामांना मागच्या आठवड्यात डिचोलीला जाऊन गाडी दाखवली. ते आधी बॉनेट उघडायला म्हणाले, रेडिएटरचं झाकण दाखवत कुठलं पाणी घातलंय ते विचारलं, आणि मग डावीकडे बसले.

एकूण खर्च चार लाखांच्या पुढे गेला.

राहिलेली कामं: व्हॉल्व क्लिअरन्स पुन्हा तपासणं, घड्यांचा मूळ पाइप आला की बसवणं, एसीचा कंप्रेसर. मागच्या मोठ्या काचेचं रबर कडक झालंय आणि नवीन अजून मिळालेलं नाही. तोवर तिथे ब्यूटाइलची पट्टी घालतोय. खिडक्यांना लावतात ते आंबट वासाचं सिलिकॉन तिथे भरू नका, ते वाळताना व्हिनेगरचं आम्ल सोडतं आणि काचेखालचा पत्रा गंजायला लागतो.